व्हायकाउंटमधली पेन्सिल

२०२२ सालची गोष्ट. जर्मनीतल्या एका विमान-संग्रहालयात जुन्या ब्रिटिश व्हायकाउंट विमानाच्या जिन्यापाशी मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक सून आणि तिचे सासरे मराठीत बोलत होते.

"बाबा, जिना फार उभा आहे. खालूनच बघा ना."

"मीनल, ती चार इंजिनं बघ, कशी शेंगेसारखी निमुळती. सांताक्रूझ विमानतळावर मी रोज तपासायचो."

"तेव्हा तुमचे हात थरथरत नव्हते."

"आणि त्या लंबगोल खिडक्या! तुझ्या सासूबाई आणि मी एकाच खिडकीतून खाली बघत होतो."

"आई तर विमानाला घाबरायच्या."

"जाम. मग मी समोरच्या टेबलावर टोक न केलेली पेन्सिल उभी केली. म्हटलं, ही पडली तर घाबर. दिल्ली दिसेपर्यंत पडली नाही."

"आल्झो, असं होय! म्हणून सकाळपासून खिशात पेन्सिल आहे."

"एकदा उभी करून बघायची होती. पण आता हा हात..."

"द्या इकडे, मी करते उभी. तुम्ही दोन्ही हातांनी कठडा धरा."

"हुकूम सोडायला अगदी तिच्यासारखी शिकलीस."

"गेनाऊ, अगदी बरोबर. चला आता."

थोड्या वेळाने वरच्या एका खिडकीत दोन डोकी दिसली.

पुढच्या वर्षी जर्मनीतच, एर्लांगेनच्या मराठी गणपतीत, ती मीनल मला पुन्हा भेटली. सासरे दिवाळीनंतर पुण्यात वारले, म्हणाली. पेन्सिल तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी असते. वरच्या मजल्यावर कुणी जोरात चाललं की पडते. मग ती पुन्हा उभी करते.