तळाचा आकडा

हॅलो?… हो, मीच. उचललास एकदाचा फोन?… नाही, तुझं नंतर. आधी मी बोलते. मी आत्ता कुठे उभी आहे माहितीये? दगडांच्या दुकानात… अगं, दगडांच्या! शोभेचे दगड, शंख-शिंपल्यांचे जीवाश्म, दगड झालेली लाकडं, सगळं विकतात इथे. आमचे साहेब रिटायर होतायत, त्यांच्यासाठी काहीतरी घ्यायला शिरले. आणि समोरच्या फळीवर काय दिसावं? बाबांचे दगड!

…कशावरून म्हणजे? त्या लाकडाच्या तुकड्याचा कोपरा पाचवीत असताना माझ्याच हातून उडालाय. दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नव्हते. तो टवका मी ओळखणार नाही?

…हळू का बोलू? कुणाची लाज वाटतेय तुला? दुकानदाराची? त्याला ऐकू दे की!

चपलांवर लावतात तशा किमतीच्या चिठ्ठ्या लावल्यात एकेकावर. माशाचा ठसा होता ना, तो आता पेपरवेट झालाय. आणि एका खोडाची तर चकती कापून घड्याळ केलंय गं! वर सोनेरी काटे. बरं, तेही बंद!

…नाही, तू ऐक. तू बाबांना काय सांगितलंस? म्युझियमवाले टेम्पो घेऊन आले, काचेच्या कपाटात मांडणार, खाली तुमच्या नावाची पाटी लावणार. दर फोनला मला तेच ऐकवतात ते… ‘रस्त्याच्या कामावरचा मुकादम मी, आणि म्युझियममध्ये माझं नाव!’ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही.

…म्युझियमला पत्रं लिहिलीस. किती?… तीन. आणि उत्तर नाही. मग चौथं लिहायचं!

…दगडांमुळे बाबांची खाट मावत नव्हती. मान्य. मग माझ्याकडे पाठवायचे… मी नाही म्हणाले?… कधी?… ते मी पुस्तकांबद्दल बोलले असेन… बरं, म्हणाले असेन! म्हणाले असेन बाई! म्हणून थेट दुकानात?

…उंटावरून शेळ्या हाकते? मी?… हो, त्यांचं अंथरूण-पांघरूण तू बघतेस, औषधं तू देतेस, रोज ऐकते मी ते. म्हणून खोटं बोलायचा परवाना मिळाला का तुला?

…आणि वही? वही तरी दिलीस का दुकानदाराला?… बाबांच्या उशाशी. वा! दगड इकडे, वही तिकडे. अगं, चाळीस वर्षं रस्ते खोदताना जे निघालं ते उचललं त्या माणसाने. तळाला पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा, आणि वहीत त्या आकड्यापुढे दगड कसला, कुठे सापडला, कोणत्या तारखेला. आकडा गेला की दगड अनाथ होतो, म्हणायचे. आपल्या दोघींच्या वाढदिवसाच्या तारखा चुकवतील, पण वहीतली ओळ चुकणार नाही.

…काय सारखं ‘ताई थांब, ताई थांब’? नाही थांबत! तुला वाटलं, म्हातारा खाटेवरून उठतोय कुठे? तो काय म्युझियम बघायला जाणारे? राहिलेत किती दिवस त्याचे, जाईल खोटं त्याच्याबरोबरच… हाच विचार केलास ना? खरं सांग. हाच ना?

 

…कोण खोकलं?

…स्पीकरवर?… फोन स्पीकरवर का आहे?… हात ओले आहेत. कशाने ओले? काय करतेयस तू?… पाय धुतेयस… बाबांचे.

…कधीपासून? पहिल्यापासून?

…मला आधी का नाही सांगितलंस?… हो. हो, मीच बोलू दिलं नाही.

…

बाबा?

हॅलो, बाबा… हो, मी… नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. दिवसांचं ते… रागात बोलले हो… हो बाबा. दुकानच आहे. म्युझियम नाही… पाटी नाही… नाही, तिला काही बोलू नका. तिने पत्रं लिहिली होती. तीन लिहिली होती.

…काय?… आकडे? थांबा हं. उलटून बघते. एक मिनिट, फोन होल्डवर ठेवते.

अहो… अहो, जरा इकडे या. या लाकडाच्या तळाला पांढऱ्या ठिपक्यावर आकडा होता… तळ घासून सपाट केलात?… कशासाठी?… टेबलावर डुगडुगतात म्हणून?… सगळेच? शिंपलेसुद्धा?… एकही शिल्लक नाही? नीट आठवा… नाही, नको, किंमत नका सांगू मला.

…हॅलो, बाबा. हो, आहे. आकडा आहे… सगळ्यांना आहे. तुम्ही लिहिला तसाच, ठसठशीत… वाचू?… बरं. कुठलाही एक? थांबा…

दोनशे तेरा.

…हो, दोनशे तेरा. वही काढताय? असू दे ना बाबा आत्ता… बरं, काढा. आधी चष्मा लावा… हो, मी आहे लाइनवर… सापडलं पान?… काय लिहिलंय?

…शिंपला. घाटातलं दुसरं वळण, खडीच्या ढिगात… पावसामुळे काम बंद होतं त्या दिवशी… हो का?

…हो बाबा. शिंपलाच आहे माझ्या हातात… हो, रेघा दिसतायत की. मोजता येतील इतक्या स्पष्ट.

…नाही, ठेवते आता… नको बाबा, तिला नका देऊ फोन… नको म्हटलं ना. ठेवते.