फक्त श्वास ठेव

अंकिता : हाच. हाच आवाज. बंद कर आधी!

बसू : केला की. अक्का, बस तरी. अकलूजवरून एवढ्या उन्हात आलीस, पाणी तरी घे—

अंकिता : पाणी नको मला. कुणाचा आवाज आहे हा?

बसू : सॅम्पल आहे ते. म्हणजे आवाजाचा तुकडा. असा गाण्याखाली पसरून टाकायचा...

अंकिता : तुकड्याला काय म्हणतात ते नाही विचारलं. कुणाचा आहे, ते सांग.

बसू : तू कुठं ऐकलास?

अंकिता : काल नणंदेच्या पोरीची हळद होती. डीजेवाल्यानं गाणं लावलं. बायका नाचत होत्या, मलाही हाताला धरून ओढलं. मधेच ढोल थांबला आणि खालून श्वास आला. दम्याचा. शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. मी हात सोडवून बाजूला झाले, बसू. लग्न होईपर्यंत त्या श्वासाशेजारी झोपले मी. आपल्या अव्वाचा श्वास मी ओळखणार नाही?

बसू : हळदीत वाजवलं? मला खरंच माहीत नव्हतं.

अंकिता : त्या डीजेवाल्याला विचारलं, हे कुठून आणलं? म्हणाला, नेटवर फुकट आहे, सोलापूरच्या पोरानं टाकलंय. तुझंच नाव दाखवलं मोबाईलवर.

बसू : आमचा ग्रुप आहे, अक्का. कुणी चादरीच्या कारखान्यात कामाला, कुणी मेडिकलमध्ये. घरी कॉम्प्युटरवर गाणी बनवायची, ग्रुपवर टाकायची. मग एकमेकांना सांगायचं, बेस वाढव, हे काढ, ते ठेव. चांगला आवाज सापडला की सगळ्यांना वापरायला द्यायचा. तशी रीतच आहे आमच्यात.

अंकिता : वाटायला आईच सापडली तुला? जनाची नाही, मनाची तरी ठेवायचीस.

बसू : मला तो ऐकवत नव्हता गं. दोन श्वास झाले की बंद करायचो. मग हळू केला, लांबवला, गाण्यात घातला, तेव्हा कुठं ऐकता आला. आणि ग्रुपवर पहिल्यांदा सगळ्यांनी वाहवा केली. नाहीतर माझ्या गाण्यांना अंगठ्यापलीकडे काही मिळायचं नाही. विचारायला लागले, कुठलं वाद्य आहे? मी म्हटलं, हवा आहे.

अंकिता : हवा.

बसू : चुकलं माझं.

अंकिता : पुसून टाक.

बसू : माझ्याकडचं पुसतो. पण लोकांनी उतरवून घेतलं. आता कुणाकुणाकडं आहे, मला तरी काय ठाऊक?

अंकिता : म्हणजे तिला मातीला दिली, आणि तिचा श्वास वरातीतून नाचत फिरणार. मुळात रेकॉर्ड केलंसच कशाला?

बसू : त्या रात्री डॉक्टर फोनवर म्हणाले, श्वास कसा चाललाय तो पाठवा. मोबाईल उशीपाशी चालू ठेवला आणि मी रिक्षा बघायला चौकात गेलो. एक रिक्षावाला थांबेना. परत आलो तेव्हा मोबाईल चालूच होता. ती... नव्हती.

अंकिता : तू तर म्हणालास, तुझ्या मांडीवर गेली. शांत गेली. काही बोलली नाही.

बसू : तू दारातच कोसळलीस त्या सकाळी. काय सांगू मग? एकटी होती म्हणून?

अंकिता : वर्षभर मी एकच गोष्ट धरून बसलेय, बसू. निदान तू होतास जवळ. निदान तिनं कुणाची वाट बघितली नाही.

बसू : अक्का...

अंकिता : ते आख्खं लाव. श्वासाचा तुकडा नको, पहिल्यापासून. मला ऐकायचंय.

बसू : माझ्याकडं नाही.

अंकिता : नाही म्हणजे?

बसू : मी ते पूर्ण ऐकलंच नाही कधी. युवराज आहे ना, ग्रुपमधला, करमाळ्याचा. आवाज साफ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला पाठवलं. म्हटलं, फक्त श्वास ठेव, बाकी सगळं काढ. त्यानं पाठवल्यावर मी मूळ फाईल उडवली. मोबाईलमध्ये असली की हात तिकडंच जायचा.

अंकिता : बाकी सगळं. बाकी काय होतं?

बसू : माहीत नाही.

अंकिता : लाव त्याला फोन. आत्ता.

(फोन स्पीकरवर लावतो.)

युवराज : बोल की बश्या! नवीन ट्रॅक ऐकला रे तुजा. लई भारी, पर बेस जरा—

बसू : ट्रॅकचं राहू दे बे. तो श्वास साफ करून दिला होतास बघ. त्याची मूळ फाईल आहे का तुझ्याकडं?

युवराज : न्हाय गड्या. काम झालं की मी उडवतो. का रं?

अंकिता : त्यात बोलणं होतं का काही?

युवराज : कोन बोलतंय?

बसू : माझी बहीण आहे. सांग तिला.

युवराज : व्हय ताई, व्हतं की. म्हातारी मधी मधी लई बोलत व्हती. मी बश्याला म्हनलं बी, हिच्या बोलन्यानं लूप बसंना, त्योच तुकडा फिरून फिरून वाजवाया येईना. लई येळ गेला माजा ती काडण्यात. कुटल्या पिक्चरमधलं व्हतं का ते?

अंकिता : आमची आई होती ती. जायच्या वेळची.

युवराज : आई?

बसू : हो, युवराज.

युवराज : बश्या, सांगायचं न्हाईस व्हय रं? म्हातारी म्हनलो मी. जेवता जेवता कापत बसलो व्हतो. आरं, काय करून घेतलंस माज्याकडनं?

अंकिता : तुमचा दोष नाही, भाऊ. काय बोलत होती तेवढं सांगा.

युवराज : मला कळलं न्हाय, ताई. कानडी का तेलगू, कायतरी व्हतं. आमच्याकडं करमाळ्याला कोन बोलतंय ते?

बसू : आमच्याशी मराठीच बोलायची ती. चिडली की कानडी.

अंकिता : नाहीतर घाबरली की.

युवराज : पर थांबा. अर्थ न्हाय ठावं, पर बोल हायत ध्यानात. तेच तेच ऐकून कापलं ना, ताल बसतो डोक्यात. दोन येळा येकच बोल, मग श्वास, मग दुसरा. असं बगा... बागला तगी. बागला तगी. हां, मग श्वास. मगळ बंदाळ.

अंकिता : मगळ बंदाळ...

युवराज : चुकलं का? शेवटपतुर ह्येच व्हतं. हळूहळू बारीक होत गेलं.

बसू : नाही. बरोबर आहे.

युवराज : काय म्हनत व्हत्या?

बसू : दार उघड म्हणत होती. लेक आलीय, दार उघड.

अंकिता : मी कुठं आले होते रे? मी सकाळी आले. उजाडल्यावर.

बसू : बाहेरून कडी मी लावली होती, अक्का. कुत्रं शिरतं म्हणून.

युवराज : ताई, ठिवू का फोन?

अंकिता : नको. परत म्हणा.

युवराज : ताई, कशापायी—

अंकिता : म्हणा, भाऊ. ती म्हणत होती तसंच. श्वासाला थांबत होती तिथं थांबून. तिचा शब्द आता तुमच्याच तोंडात आहे. आणि बसू, कुठं निघालास? बस खाली. आता तू उठून जाऊ नकोस.