चित्राखालचं इंग्रजी

तुमी आपलं काय इचारायचं ते कागदावर लिवा, मी तोंडानं सांगतो, कारण मला ऐकू येत न्हाई आन् बोलायचं मातर थांबत न्हाई, असं आमची बायको मंदा म्हणती. मी हितलाच, कुरुळीचा, कंपन्या यायच्या आदी हितं नुसती ज्वारी-बाजरी व्हती, आन् जत्रंत तंबूतला शिनेमा यायचा. एकच शिनेमा मी चार चार येळा बघायचो, समदे डायलॉग पाठ, शाळंत मातर नववीला इंग्रजीतच उडालो. मंग भोसरीला एका वर्कशॉपात प्रेस मशीनवर लागलो. दिवसभर पत्रा दाबायचा, धाड धाड धाड, कानात घालायला कुणी कापूस बी दिला न्हाई, आन् पंधरा-सोळा वर्सांत दोनी कान गेले, पार गेले.

काय सांगू तुमाला, मला वाटलं नुसता आवाज गेला, पण माणसाची किंमत बी जाती. चाकणच्या कंपनीत लागलो तर सुपरवायझरनं हातात झाडू दिला, पत्र्याचं स्क्रॅप गोळा कर म्हणाला, म्हंजी हातानंच दाखवलं. प्रेसवरचा कारागीर मी, आन् झाडू. लई रडलो, खोटं कशाला बोलू.

त्याच सुमाराला ते डीव्हीडी प्लेअर स्वस्त झाले. आदी फकस्त आकुर्डीच्या बंगलेवाल्यांकडं असायचे, मंग बघता बघता चाकणच्या बाजारात भाजीच्या शेजारी हातगाडीवर शिनेमाच्या सीड्या, आन् घराघरात प्लेअर. मंदानं बी आणला. मी भडकलो, म्हणलं आंधळ्याला आरसा कशाला आणलास गं? ती कायतरी बोलली, काय ते देव जाणे, आन् मी रागारागात रिमोटचं दिसंल ते बटण दाबलं, तर चित्राच्या खाली इंग्रजी अक्षरं उमटली. आन् शिनेमा कुठला, तर जत्रंत चार येळा बघितलेला, पाठच की वो! हिरोचं तोंड हललं की डायलॉग माझ्या डोक्यात वाजायचा, आन् खाली त्येचंच इंग्रजी. मंग काय, चित्र थांबवायचं, लेकीच्या जुन्या वहीत उतरवून घ्यायचं, पुढं जायचं. तीन तासांचा शिनेमा मला आठ दिवस पुरायचा. मंदा बिचारी तसाच थांबत थांबत बघायची, कदी कुरकुर केली न्हाई, गाणं लागलं की माझ्या मांडीवर बोटांनी ठेका धरायची. लई सुख दिलं बाईनं मला, तिच्या तोंडावर कदी सांगितलं न्हाई, तुमी लिवा.

मंग एकदा कंपनीत परदेशी साहेब आला, माल परत येत व्हता आन् कारण सापडत न्हवतं. मला म्हाईत व्हतं, स्क्रॅप उचलताना बोटाला लागलं व्हतं, आमच्या मालातल्या पत्र्याच्या ब्रॅकेटच्या वाकणात केसाएवढी चीर. सुपरवायझरला दोनदा दाखवलं, त्येनं उडवून लावलं. मंग मी साहेबाला चिठ्ठी लिवली, शिनेमातल्या इंग्रजीत, दुसरं येत कुठं व्हतं? सर, धिस पार्ट हॅज बिट्रेड मी, आय स्वेअर ऑन माय मदर. म्हंजी ह्या पार्टनं मला धोका दिला, आईची शपथ! ब्रॅकेट आन् चिठ्ठी दोनी साहेबाच्या हातात दिली. साहेब असा हसला, असा हसला, डोळ्यातनं पाणी. मंग भिंग मागवलं, चीर बघितली, आन् हसायचा थांबला. खुर्ची वढून मला बसवलं राव, आन् आमी दोघं कागदावर लिवून लिवून तासभर बोललो. त्येचं बोलणं कानवाल्यांना कळत न्हवतं, मला समदं कळत व्हतं, आन् सुपरवायझर कोरे कागद पुरवत हुबा! पुढच्या सोमवारी मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर. खराब मालाला मी रिपोर्टात शिनेमातल्या कोर्टासारखं गिल्टी लिवायचो, मंग समदी कंपनीच तसं लिवायला लागली.

मी रिटायर झालो तवा त्या टेबलासाठी एक पोरगी आली, मराठवाड्याकडची, जन्मापासनं ऐकू न येणारी. साहेबलोक कचरले, हिला जमंल का म्हणून मला लिवून इचारलं. मी वरडलोच असंन, माझा आवाज मला कुठं कळतोय, म्हणलं माल बघायला डोळं लागतात का कान? घेतली तिला. आता आमचं मोबाइलवर लिवणं चालतं. परवा तिचा मेसेज आला, काका, आख्खा लॉट रिजेक्ट केला, सुपरवायझर लई चिडलाय. मी लिवलं, चिडू दे पोरी. माल खराब हाय, तू खरी हायस. टेबल सोडू नको.