देवाची चूळ

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. मायेनं भरवलेल्या घासाचा दोष लागतो का हो? आपण गोड भरवलं, लेकराला सोसावं लागलं — तर चुकलं कोण? गोड चुकलं, की माया?

नका सांगू. आधी भिवाआप्पा गुरवाला भेटा!

तांबडेवाडीचा मारुती, त्याचा पुजारी भिवाआप्पा. वय सत्तरीपार, दात निम्मे. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंडाला सदा कोरड, म्हणून गालात सदा खडीसाखर! समोरच्याला वाटावं, गळू झालंय. आणि आप्पाच्या मागं त्याची सावली — नात रेवू. सात वर्षांची. पेढा आला, रेवूला! बत्तासा आला, रेवूला! देवाच्या नावानं मारुतीपेक्षा तिचंच पोट भरत होतं!

सून इंदू म्हणायची, "मामंजी, निदान चूळ तरी भरू द्या तिला."

आप्पा कडाडायचा, "प्रसादावर चूळ? इंदे, देवाचं काय उष्टं हाय व्हय? प्रसाद तोंडात ऱ्हायला पायजे!"

आणि ऱ्हायला की हो! चांगला मुक्कामाला ऱ्हायला!

हनुमान जयंती आठवड्यावर आली. सूर्योदयाला आप्पानं शंख फुंकायचा, की लगेच पाळणा. यंदा पाळणा रेवूचा! आप्पानं स्वतः शिकवलेला. पोरगी गायला लागली —

"अंजनीच्या कुशी उगवला दिस,
जो बाळा जो जो रे जोऽ—आई गंऽ!"

गाल टम्म! आप्पा हसला, "बघ, बाळमारुतीसारखा गाल झाला!" पण रेवू हसली नाही, मंडळी. ओढणीत तोंड खुपसून बसली. आप्पानं अंगारा लावला, लवंग धरली. फरक नाही.

इंदू म्हणाली, "डॉक्टरीणबाईकडं न्यायची."

"दुधाचं दात ते! पडायचंच की!"

"मग तुमचं तर कधीच पडायला हवं होतं! जा दोघं जोडीनं!"

आप्पा चिडला. शंख उचलला, छाती फुगवली, गाल फुगवले — "पूऽऽ"... आणि वाऱ्याची धार बरोब्बर किडक्या मुळात! "मेलोऽऽ!" देवळाच्या पायरीवरची शेळी सुद्धा उठून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. एका हातानं गाल धरलेला आप्पा, शेजारी गाल धरलेली नात. नैवेद्य दाखवला. आप्पा पळीनं ताम्हनात पाणी सोडत म्हणाला, "हस्तप्रक्षालनं समर्पयामि... मुखप्रक्षालनं समर्पयामि..."

"आजा, ह्ये काय म्हनतोस रं रोज?"

"देवाला हात धुवायला पाणी. मग चूळ भराया पाणी."

रेवू हळूच म्हणाली, "देव भरतो चूळ?"

पळी थांबली, मंडळी! जन्मभर हा माणूस देवाला चूळ भरायला पाणी देत होता — आणि स्वतःचे शब्द त्याच्या कानावर आज पडत होते! त्यानं मूर्तीकडं पाहिलं. मारुती आपला तसाच, शेंदरी, प्रसन्न. बत्तिशी शाबूत!

आप्पाचे डोळे भरले. "रेवू... मीच गं. माझ्याच हातानं." तिला कडेवर घेतली आणि थेट तालुक्याची एस.टी. गाठली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांची तोंडं पाहिली. म्हणाल्या, "आजोबा, पोरांच्या दुधाच्या दातांचं वरचं कवच पातळ, कीड झटकन आत शिरते. म्हातारपणी हिरड्या सरकतात, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाला लाळ कमी, म्हणून साखर धुऊन जात नाही. तुम्ही दोघं एकाच होडीत बसलाय!"

"आणि खडीसाखर?"

"ती होडीला पाडलेलं भोक."

दोघांवर उपचार झाले. रेवू खुर्चीत आजाचा हात धरून बसली. आजाची पाळी आली तेव्हा मात्र आजानं रेवूचा हात धरला — आणि ओरडला तोच! डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गोड एकदाच, जेवणाबरोबर. वर चूळ. आणि दोन वेळा ब्रश, झोपताना तर चुकवायचाच नाही." आप्पानं खिशातली खडीसाखर काढून तिथंच ठेवली. नैवेद्य ठेवावा तशी!

जयंतीची सकाळ. शंख घुमला! रेवूचा पाळणा असा उंच गेला की इंदूनं पदर डोळ्याला लावला. मग सुंठवडा वाटला. आणि दारात? पाण्याचा हंडा! आप्पा गरजला, "प्रसाद घेतला की चूळ! देव भरतो, तुम्ही कोण मोठं लागून गेलाय?"

गोडाचिया पाठी । पाणी ओंजळीत ।
देवाचीही रीत । हीच आहे ॥

तर मंडळी, गोड चुकलं नाही, माया चुकली नाही. माया अर्ध्यावर थांबली, तेवढं चुकलं! नातवाला निजताना साखरेचं दूध पाजून वर पापा घेणाऱ्या आज्यांनो — खाली बघू नका, दिसताय मला! आणि ते मागचे आबा, गालात काय आहे हो? बोला की! ...बघा, बोलता येईना!

आता आरती. मग पेढे आहेत. आणि हंडा दारात भरून ठेवलाय. पहिली ओंजळ देवाची. दुसरी, आबा, तुमची. आणि तुमची चूळ होईस्तोवर, सांगून ठेवतो, तुमच्या नातवाला पेढा मिळणार नाही!