ऑइलपेंटचं नाव

थांबा, थांबा डोमाजीभाऊ, हातोडी ठेवा खाली. त्या टायलीमागं जे दिसून राह्यलं ते तुमी पाह्यलंच नाही असं समजा. — हो, हत्तीच आहे तो. बाथरूमच्या भिंतीवर हत्ती काऊन, म्हंता? चा घ्या आधी, सांगते. ही भिंत बाथरूमची नव्हतीच जी, घराची समोरची भिंत होय ही. इथं ओसरी होती आमची. लगन झालं का भिंतीवर नाव लिवतेत न आपल्याकडं — दोन बाजूनं हत्ती, कळसवाल्या बाया, मधात नवरानवरीचं नाव? लोकं चुन्यात नीळ कालवून लिवतेत, एक पावसाळा गेला का गेलं धुऊन. पन आमचे हे! पहिल्या पोरीचं लगन, त्याच वर्षी भीमपुरात पहिली टीव्ही आमच्याच किराण्याच्या दुकानात आलेली — पाय जमिनीवर होते का ह्यायचे? आदिलाबादहून पेंटर आनला, म्हने ऑइलपेंटनंच लिव, पोरीचं नाव जलमभर राह्यलं पाह्यजे. राह्यलं बाप्पा! मंग चुन्याचे किती हात मारले, तरी हत्ती आपला डोकं काढे. शेवटी ओसरीच बुजवून तिचं बाथरूम केलं आन् भिंतीवर ह्या पांढऱ्या टायल्स मारल्या. समोरच्या अंगाले बाथरूम कोन बांधते? हसले लोकं. आता तुमी म्हंता ऑइलपेंटवर शिमिट धरत नाही, म्हनून टायली पोकळ वाजतेत, म्हनून साबूत निंगून राह्यल्या. आमाले काय मालूम जी!

नाव बुजवलं काऊन? — तसं काही नाही. पोरगी सुखात आहे आमची. रुख्मिणी. तिकडं किनवटले, आपल्या घरी. नाव जुनं झालं होतं, बस.

कोन? आत खोकलून राह्यलं ते? ते — ते माह्या बहिनीची पोरगी. दवाखान्यासाठी आली. म्हनूनच म्हंते, हळू ठोका जरा, तिचं डोकं दुखते. लहानपनापासून तसंच आहे तिचं, आवाज सोसत नाही, दिवाळीत फटाका फुटला का माह्या पदरात तोंड खुपसे — म्हंजे बहिनीच्या, माह्या बहिनीच्या पदरात.

असं पाहू नका माह्याकडं, डोमाजीभाऊ. तुमाले पोरी आहेत न? मंग समजून घ्या. आमच्या धाकटीले, चंपीले, पाहाले उटनूरचे पाहुने येऊन राह्यले इतवारी. हातपाय धुवाले इथंच येतीन. एखादी टायल गळली, नाव दिसलं, तं इचारतीन का नाही — थोरली कुठं आहे, बोलवा तिले? काय सांगू मी? का जवायानं दुसरी केली आन् हिले पेटीसंग आदिलाबादच्या स्टँडवर उभी करून निंगून गेला? थोरली माहेरी बसली म्हनल्यावर धाकटीले कोन करन? म्हनून तं गावचा रामाजी मिस्त्री सोडून तुमाले बाहेरगावाहून आनलं. गावाले वाटते पोरगी नांदून राह्यली. आन् मी तुमालेच सांगून बसली, पाहा, माहं तोंड!

लाज वाटते जी. पोरीची नाही — पोरीनं काय केलं? माहीच मले वाटते. दारात कोनी आलं का मीच तिले म्हंते, आत जाय, कडी लाव. आन् ती जाते. एका शब्दानं उलटून बोलत नाही. बोलली असती, भांडली असती तं बरं वाटलं असतं मले. इतवारी तिले दुकानामागच्या गोदामात बसवाचं ठरलं, तेलाच्या डब्यायजवळ. कोनी ठरवलं? तिनंच. म्हने, चंपीचं होऊ दे आई, मी बसते तिथं. आन् मी हो म्हटलं, डोमाजीभाऊ. नको म्हनाले पाह्यजे होतं न? मी हो म्हटलं. तवा तुमी आता एक करा, आधी हे नाव खरवडून काढा, एक अक्षर ठेवू नका, मंग नव्या टायल्स —

अव, तू काऊन बाहेर आली? कपबशा मी नेल्या असत्या न. हे मिस्त्री आहेत, आदिलाबादचे. पाहू नको तिकडं, भिंतीकडं काही नाही — इकडं पाह्य, माह्याकडं —

काय म्हनली? पुन्हा म्हन. थांब न —

गेली. कडी लावली.

ऐकलं न तुमी? ‘अजून चा ठेवू का मावशी?’ मले म्हटलं. पोटच्या पोरीनं. सारं आतून ऐकून राह्यली होती ती, तरीबी माहं खोटं सांभाळून घेतलं तिनं. तोंडावर राग नाही, काही नाही, रोजच मले मावशी म्हनत असल्यावानी म्हटलं.

नाही, उचलू नका छन्नी. काम बंद. तुमी जा डोमाजीभाऊ, जा न जी — मले तिच्या दाराशी जाऊ द्या.