तुमचं होऊ द्या अगुदर

…आन मले सांगा, एक वाजला का नाई? वाजला! मंग मानसानं जेवावं का नाई? जेवावं! मंग मी इथं बाहेर ओट्यावर काऊन बसून राहिलो? आतमंदी भरल्या वांग्याचा वास असा घमघम करून राहिला, पोटात कावळे बोंबलून राहिले, आन मी तुमच्यासंग गोठी करून राहिलो! बसा, बसा, उठू नका बावा, तुमी गेले तं मी भुकेनं रडन इथं. माहा नंबर अजून लागला नाई ना! जेवाचा नंबर! सोताच्या घरात, सोताच्या वांग्यासाठी! काऊन नाई लागला? थेच तं सांगून राहिलो!

हे सारं त्या आइस्क्रीमानं केलं. आइस्क्रीमाचा दोष नाई म्हना, थे बिचारं थंडं… दोष माहा.

तुमाले सांगतो, लगन होऊन सेहेचाळीस वर्सं झाले, पन माह्या बुढीले, शकुबाईले, गरम पोळी खातानी म्या कवाच पाह्यलं नाई. कवाच! मले ताट वाढन, बाजूले बसन, माशा हाकलन. म्या म्हनावं, "अवं, तूई घे ना." का थे म्हनन, "तुमचं होऊ द्या अगुदर, मी मांगून." माहं व्हावं, म्या हात धुवावे, चूळ भरावी, सुपारी कातरावी, मंग हे बाई चुलीकडं तोंड आन आमच्याकडं पाठ करून जेवाले बसन. तवा पोळी कशी? चपलीच्या तळव्यावानी! म्या कवा इचार केला का याचा? कायले करतो! मले वाटे बायाचं असंच असते, जसे बैलाले शिंगं असते. कोनी लावले म्हनून थोडीच असते.

तं मागच्या थंडीत माही साखर वाढली. वाढली म्हंजे अशी वाढली का मले उचलून नागपूरले भरती केलं. जेवन बंद, हाताले सलाईनची बाटली. बुढी बाजूले स्टुलावर. नर्स म्हने, "आजी, तुमी तं जेवून घ्या." बुढी म्हने, "यायचं होऊ द्या अगुदर." नर्स म्हने, "अहो, त्यांचं जेवण म्हणजे ही बाटलीच!" झालं! बुढी त्या बाटलीकडं टक लावून बसली. बाटली संपली का एक केळ खाये. दुसऱ्या दिवशी डाक्टरनं एकामांगं एक बाटल्या लावल्या, बंदच नाई! बाटली संपे ना आन बुढीचं केळ सोलून होये ना. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली धाडकन. मंग काय! माह्याच बाजूच्या पलंगावर टाकली, थिलेई बाटली. दोघं नवरा-बायको आजूबाजूले, दोघायच्या बाटल्या टपटप टपटप… आन तुमाले सांगतो, खोटं वाटन, थिनं डोळे उघडले, माही बाटली पाह्यली, आपली पाह्यली, आन नर्सले काय म्हनते? "बाई, माही जराशी धीरे करा ना. यायचं होऊ द्या अगुदर!"

हासता काय लेकहो! मीबी हासलो. नाकातली नळी निघाली हासता हासता. पन हासनं झालं, आन डोक्यात एक किडा घुसला. म्या मलेच म्हटलं, बापू, तू हायेस म्हातारा. उद्या तू खरंच अगुदर गेला… तं हे बाई जेवन कोनाच्या मांगून?

म्या जिंदगीभर लोकायले बनवलं. पोलीस पाटलाच्या जोड्यात बेडूक ठुला, जावयाच्या चहात मीठ टाकलं, इकडं बोरगावात बापूजी आला म्हटलं का लोकं पयले खुर्ची झटकते, मंग बसते. मले वाचता येत नाई, सही तेवढी येते, थेई वाकडी. पन डोकं चालते! म्या ठरवलं, मराच्या अगुदर एक शेवटची गंमत कराची. बुढीले आपल्या अगुदर खाऊ घालाचं. एक घास! ज्यादा नाई मांगत, एकच!

तवाच माही नात आली, प्रणाली. नागपूरले नोकरी लागली थिले, नवी गाडी घेऊन आली, सोता चालवते! म्हने, "आबाजी, रविवारी तुमाले आन आजीले फिरवतो. सौसर, पांढुर्णा, नवीन नवीन कॅफे निंघाले, सारं खाऊन पाहू." म्या थिले कोपऱ्यात घेतलं, सारं सांगतलं. पोट्टी हुशार. म्हने, "आबाजी, हॉटेलात चूल नाई, पाठ फिरवाले जागा नाई, सगळ्यायच्या पलेटी एका टायमाले येतात. आजीले खाच लागन!"

हाव. खाच लागन म्हने.

पयले सौसर. तिथं तर्री-पोहे. लाल तर्री, वरून शेव, वाफ कशी निंघून राहिली! तीन पलेटी आल्या. प्रणालीनं सुरू केलं. बुढीनं काय केलं? आपल्या पलेटीवर पदर झाकला. पोह्यायले पदर! जसं का लहान लेकरू झोपलं हाय. "तुमचं होऊ द्या अगुदर." म्या हाताची घडी घातली. "मले भूक नाई." "मंग मलेई नाई." "मी नाई खात म्हटलं ना!" "मंग मी कशी खाईन?" पाचक मिनटं आमी एकमेकायच्या तोंडाकडं पाहून राहिलो. आता हे ध्यानात घ्या, बुढीचं माहेर सावरगावचं. पांढुर्ण्याच्या समोर, जाम नदीच्या पल्ल्याड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठावरचे लोकं एकमेकायले गोटे मारते, त्या गोटमारीत गोटे खाऊन तिथली मानसं मांगं सरत नाई, थे पोह्यापुढं सरन? शेवटी दुकानवाला आला घाबरून, "काकाजी, पोहे में कुछ पड़ गया क्या?" म्या म्हटलं, "पोहे में कुछ नहीं पड़ा भाऊ, माह्या गळ्यात पडलं!" तिन्ही पलेटी प्रणालीनं खाल्ल्या. काय करावं मंग, टाकावं का?

तिथून पांढुर्णा. आता जिल्हा झाला ना बावा, थाट पाहा! हॉटेलात सोफा. थंडी हवा. टेबलावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यायचा एक चौकोन चिपकवला होता, म्या म्हटलं फरशीचा नमुना असन. थो वेटर म्हने, "सर, इसको स्कैन कर लीजिए." म्या त्यावर बोट फिरवलं. नखानं खरडलं. काईच निंघे ना. प्रणालीनं फोन दाखवला तवा कुठं त्यातून डोसा निंघाला.

डोसा येवाच्या अगुदर म्या दुसरी गंमत केली. म्हटलं, "मी हात धुवून येतो." आन गेलो काउंटरपाशी, खांबाच्या मांगं, उभा राह्यलो. चांगले दहा मिनटं! मंग चूळ भरली, मिशा ओल्या केल्या, पोटावर हात फिरवत आलो आन अशी ढेकर दिली, अशी ढेकर दिली… बाजूच्या टेबलावरचं लेकरू दचकलं. म्या म्हटलं, "झालं बावा माहं! तिकडं उभ्या उभ्याच खाल्ला डोसा. घे तू आता." बुढीनं मले पाह्यलं, खालून वर. म्हने, "तोंड उघडा." भर हॉटेलात! म्या उघडलं. थिनं वास घेतला. "तंबाखूचा वास येते. डोशाचा नाई. बसा गुमान. तुमचं होऊ द्या अगुदर."

खाल्ला म्या डोसा. काय करता! माही कवळी नवीन, एक घास चावाले मले मन्वंतर लागते. बुढीचा डोसा समोर पापडावानी कडक होऊन राहिला, थे शांत. मंग थिनं खाल्ला, कसा? भिंतीकडं तोंड करून! सोफा फिरत नाई तं सोताच फिरून बसली.

आता एकच राह्यलं, गोड. स्टेशनकडं एक आइस्क्रीमचं नवीन दुकान, आत गुलाबी भिंती, गुलाबी खुर्च्या, आन आमी दोन म्हातारे त्या गुलाबी खुर्च्यायवर, जसे का कोनी लग्नाचे वऱ्हाडी विसरून गेले. प्रणालीनं दोन उंच उंच गलास मांगवले, संत्र्याचं आइस्क्रीम. एक बिनसाखरेचं माह्यासाठी, एक साखरेचं आजीसाठी. दोन्हीचा रंग एक, दोन्हीवर एकएक संत्र्याची फोड. पाहा ना, संत्रा आमच्या बगिच्यातला, आन आमालेच टाय लावून दाखवून राहिला!

"तुमचं होऊ द्या अगुदर."

तुमाले सांगतो, माहं टकुरंच फिरलं. म्या म्हटलं, "अवं, वितळून राहिलं थे! पोहे थंडे झाले तं चालते, आइस्क्रीम गरम होऊन चालन का? सेहेचाळीस वर्सं झाले, कवा खाशीन? मी मेल्यावर कोनाच्या मांगून जेवशीन तू?"

प्रणालीचे डोळे भरले. माहा आवाजबी जरा… जाऊ द्या. आन बुढी काय म्हनते? एकदम थंड्यानं म्हनते, "तुमचा फोटो लावीन भिंतीले. त्याच्यापुढं ताट ठेवीन. फोटो बरा. लवकर उरकन. तुमच्यावानी घंटाभर चावत तं नाई बसनार."

घ्या! मेल्यावरबी अगुदर माहंच!

मंग म्या इचार केला, बापू, बोलून हे बाई ऐकत नाई, हातचलाखी कर. बुढी पदरानं चष्मा पुसाले लागली आन म्या दोन्ही गलास धरले, इकडचं तिकडं, तिकडचं इकडं, गोल, आडवं, पुन्हा गोल, जत्रेतले लोकं वाट्याखाली गोटी फिरवते ना, तसं! चष्मा घालून थिनं पाह्यलं. "हे काय केलं? कोनतं बिनसाखरेचं?" म्या म्हटलं, "मले काय मालूम!" "प्रणाली, तुले?" पोट्टी माहीच नात! म्हने, "आजी, मी तं फोन पाहून राहिलती." थो वेटर सांगाले येऊन राहिला होता, म्या त्याच्याकडं असे डोळे वटारले का थो तसाच वापस. मंग म्या एक गलास जवळ ओढला. "असन थे असन. खातो कोनतंबी. साखरेचं निंघालं तं काय होईन? ज्यादात ज्यादा पुन्हा बाटली लागन."

बाटली म्हटलं आन बुढीनं माह्या हातचा चमचा हिसकला. "थांबा! अगुदर मी चाखून पाहतो!"

आन खाल्लं लेकहो! खाल्लं! माह्या अगुदर! माह्या समोर, माह्याकडं तोंड करून! पयला चमचा तोंडात, डोळे मिटले. मंग दुसऱ्या गलासातला. मंग पुन्हा पयल्यातला. "नीट कळत नाई." पुन्हा दुसऱ्यातला. "आता तं वाटते हे… का थे?" वरच्या ओठाले संत्र्याचा रंग लागला. आन मले काय दिसलं सांगू? खातानी बुढीच्या डाव्या गालावर खळी पडते! मले मालूमच नव्हतं! कसं मालूम असन, सेहेचाळीस वर्सं पाठ पाह्यली ना म्या!

मी पाहतच राह्यलो, आन थे खातच राह्यली. दोन्ही गलास साफ! चमच्यानं तळ खरवडला, फोडी चोखल्या, आन मंग मले म्हनते, "दोन्ही गोड हाय. तुमच्या कामाचं नाई."

माह्या वाट्याले काय आलं? दोन रिकामे गलास आन एक ओला कागद. पन मी खुश! वापस येतानी गाडीत मांगं डोळे मिटून पडलो, जिंकलो म्हटलं बापू, बनवलं बुढीले! तवा समोरून बुढीचा आवाज येते, हळूच प्रणालीले सांगून राहिली, "बिनसाखरेचं तं मले पयल्या चमच्यातच कळलं होतं वं. कडू कडू लागे. पन यायनं येवढे गलास फिरवले, येवढी मेहनत केली… कायले मन मोडावं मानसाचं?"

म्या घोरल्याचं सोंग केलं. दुसरं काय करता!

पन मीबी सोडतो का? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, म्या म्हटलं, "अगुदर तू चाख. यात साखर असन तं?" थिनं कप उचलला, बशीत ओतला, अर्धा पिऊन टाकला. दुपारी म्हटलं, "भाजीत मीठ ज्यादा वाटते, डाक्टर मिठालेई नाई म्हने, पाह्य बरं चाखून." मंग वरनाचं पाह्य, मंग भाताचं पाह्य, मंग म्हटलं पोळी कच्ची असन तं पोट दुखन, पाह्य! मले पक्की खबर हाय का थिले सारं समजते. थिलेई खबर हाय का मले समजते. पन कोनी कोनाले बोलत नाई. आन असं करत करत आता थे पूर्न जेवते अगुदर. गरम. समोर तोंड करून.

पन एक गोठ मले कोनंच सांगतली नव्हती! बुढी किती धीरे जेवते! अवो, चिमनीवानी! एक पोळी, अर्धा घंटा! घाई सेहेचाळीस वर्सं केली म्हने, आता कायले करू? मी समोर बसून माशा हाकलत होतो, तं म्हने, "तुमी तोंडाकडं पाहता, मले घास उतरत नाई, बाहेर बसा जराशे." म्हून मी इथं! ओट्यावर! एक वाजून…

आयका, आयका! भांडं वाजलं आतमंदी! झालं वाटते थिचं! चला बावा, उठतो मी, वांगं थंडं असन, पोळी चपलीवानी असन, पन…

काय म्हनते वं? काय?… ताक राह्यलं?

…हाव हाव, घे, घे. सावकाश घे.

बसा लेकहो, बसा. अवं, तुहं होऊ दे अगुदर.