रेवानं न केलेली सही

मंडळी, एक विचारतो. गुरूची आज्ञा मोडावी का? — थांबा, इतक्यात माना हलवू नका! आधी ऐका.

रेवा तांबट. तांब्याची भांडी घडवणाऱ्याची लेक, विद्यापीठात पीएचडी करत होती. तिचे मार्गदर्शक डॉक्टर सरदेशमुख — मोठा माणूस! आत विभागप्रमुख, बाहेर स्वतःची कंपनी. त्यांनी एक यंत्र काढलं. तान्ह्या बाळाच्या कपाळाला टेकवा, कावीळ आहे की नाही ते सांगणार. सुई नको, रक्त नको! रेवानं ते चारशे बाळांवर तपासलं, जोडीला प्रत्येकाचं रक्तही तपासून घेतलं.

काय दिसलं? गोऱ्या बाळांची कावीळ यंत्र ओळखे. सावळ्यांची निम्मी सुटे! यंत्रालाही गोरा रंगच बरा दिसतो हो — आपल्या लग्नाच्या जाहिरातींसारखा! हसलात? रेवाला हसू आलं नाही.

ती सरांकडे गेली. सर म्हणाले, त्या नोंदी सदोष धरून वगळ, पुढच्या यंत्रात सुधारू. महिन्याभरात यंत्रं खेड्यापाड्यांत जायची होती. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रेवा, तुझा प्रबंध माझ्या सहीवर अडलाय. आणि माझ्या यंत्राचा चाचणी-अहवाल तुझ्या."

चार वर्षांचे कष्ट, मंडळी! तिला वाटलं, करून टाकावी सही. सगळेच करतात.

जागेवर येऊन ती वगळायच्या नोंदी वाचत बसली. त्यात एक मोगी पावरा नावाच्या आदिवासी बाईची तान्ही मुलगी. यंत्र म्हणालं, निरोगी. रक्त म्हणालं, जिवावरची कावीळ. रक्त तपासलं म्हणून पोर वाचली. उद्या पाड्यावर रक्त कोण तपासणार? यंत्र आहे ना!

रेवा उठली. पुन्हा सरांच्या खोलीत गेली. "सर, दिसेल तेच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. मी चारशेच्या चारशे नोंदी पाठवतेय." आणि पाठवल्या — विद्यापीठाच्या नीतिसमितीला, सरांच्या देखत.

यंत्रं थांबली. सर? विभागप्रमुखपद गेलं, कंपनी राहिली. दुसऱ्या गावी सत्कारसुद्धा झाला! रेवाला नवा मार्गदर्शक मिळेस्तोवर दीड वर्ष गेलं. शिकवण्या करून राहिली, पण मागे फिरली नाही. पुन्हा पहिल्या बाळापासून कामाला लागली.

आज्ञा मोडली तिनं, शिकवण पाळली! मोठी माणसं एकट्यानं घसरत नाहीत हो — खाली कुणीतरी सही करतं, म्हणून त्यांचं चालतं. उद्या तुमच्याही टेबलावर कागद येईल. साहेब म्हणतील, कर. पेन उचलण्याआधी वाचा. वाचून हात थांबला, तर थांबू द्या. तो देवानंच धरलेला असतो.